स्मृतिभ्रंश, धम्म आणि आपला विहार

जरा आणि व्याधी यांपासून कोणाचीही सुटका नाही, हे तथागत भगवान बुद्धांनी अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितले. म्हातारपण आपण सर्वांनी पाहिलेले आहे. गुडघे धरतात, डोळ्यांत मोतीबिंदू येतो, कानाला कमी ऐकू येते. या गोष्टींवर घरात उपाय होतात, शेजारी विचारपूस करतात. परंतु म्हातारपणाचे एक दुःख असे आहे की ज्याची विचारपूस कोणी करीत नाही, उलट घराची चेष्टा किंवा बदनामी होते. ते दुःख म्हणजे स्मृतिभ्रंश. डॉक्टर त्याला डिमेंशिया म्हणतात.

हा विषय आपल्या स्मरणिकेत घेण्याचे एक खास कारण आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला परमपूज्य बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, तेव्हा जी मुले दहा-बारा वर्षांची होती ती आज ऐंशीच्या आसपास आहेत. घरातील देव्हारे उतरवले जाताना या पिढीने पाहिले. पुढे याच पिढीने मोलमजुरी करून, गिरणीत, रेल्वेत, नगरपालिकेत राबून मुले शिकवली, वस्तीवस्तीत विहार उभे केले आणि नामांतराच्या लढ्यात मोर्चे काढले. आपल्या चळवळीची स्मृती म्हणजे ही माणसे. आज त्यांच्यापैकी काहींची स्मृती त्यांनाच सोडून चालली आहे. अशा वेळी समाज म्हणून आपले कर्तव्य काय, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

हा आजार आहे, म्हातारचळ नव्हे

चष्मा कुठे ठेवला हे विसरणे, एखाद्याचे नाव पटकन न आठवणे, हे वयाप्रमाणे सर्वांचेच होते. ते नाव थोड्या वेळाने आठवते. स्मृतिभ्रंशाचे विसरणे वेगळे आहे. माणूस जेवल्यावर दहा मिनिटांनी जेवलोच नाही म्हणतो. तोच प्रश्न दिवसातून वीस वेळा विचारतो. रोजच्या बाजारातून घरी येताना वाट चुकतो. पैशांचा हिशेब जमेनासा होतो. चहा करताना आधी काय घालायचे हे सुचत नाही. पुढे स्वभाव बदलतो, संशय वाढतो, संध्याकाळ झाली की बेचैनी सुरू होते आणि स्वतःच्याच घरात बसून माणूस "मला घरी जायचंय" म्हणू लागतो. शेवटच्या काळात अंघोळ, कपडे, शौच, गिळणे यांचेही भान राहत नाही. हा प्रवास काही वर्षांचा असतो.

स्मृतिभ्रंश हे एका आजाराचे नाव नसून अनेक आजारांतून येणाऱ्या अवस्थेचे नाव आहे. त्यांतील सर्वांत मोठा आजार अल्झायमर होय. अलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी १९०६ साली एका स्त्री-रुग्णाच्या मेंदूची तपासणी करून त्यातील बदल प्रथम मांडले. त्याखालोखाल मेंदूच्या रक्तवाहिन्या खराब झाल्यामुळे येणारा स्मृतिभ्रंश असतो, आणि त्यामागे बहुतेक वेळा रक्तदाब, मधुमेह व तंबाखू असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात ५ कोटी ७० लाख लोकांना स्मृतिभ्रंश होता. भारतासंबंधी २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीनुसार साठ वर्षांवरील सुमारे ८८ लाख, म्हणजे शेकडा ७.४ लोकांना तो आहे. स्त्रियांत तो पुरुषांपेक्षा जास्त आढळला आणि शहरांपेक्षा खेड्यांत जास्त आढळला.

एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. विसरणारा प्रत्येक म्हातारा माणूस याच आजाराचा नसतो. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड ग्रंथीचे मंदावणे, मनाचे नैराश्य, डोक्याला मार लागून आत साचलेले रक्त, यांनीही माणूस विसरतो आणि उपचार केल्यास तो सुधारू शकतो. दोन-चार दिवसांत अचानक भ्रम झाला तर त्यामागे बहुधा ताप, लघवीचा संसर्ग किंवा औषधांचा परिणाम असतो. म्हणून पहिले पाऊल डॉक्टरकडे, तेही शक्यतो मोठ्या सरकारी रुग्णालयातील मेंदूविकार किंवा मनोविकार विभागात. अल्झायमर पूर्ण बरा करणारे औषध आज नाही. काही गोळ्यांनी काही रुग्णांची लक्षणे काही काळ आटोक्यात राहतात. परंतु निदान झाले की घरच्यांना निदान एवढे कळते की आई मुद्दाम असे करीत नाही.

आणि येथे स्पष्ट बोलले पाहिजे. "बाहेरचं लागलंय" म्हणून अंगारा, गंडा-दोरा, देवऋषी यांच्या मागे लागणे बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घराला शोभत नाही. त्यात पैसा जातो आणि उपचाराचा मोलाचा काळही जातो.

शिक्षणाशी असलेले नाते

२०२४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ मंडळाने आपला अहवाल मांडला. आयुष्यभरातील चौदा कारणे दूर करता आली तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकेल किंवा लांबणीवर पडू शकेल, असे त्यात म्हटले आहे. रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, अति मद्यपान, बहिरेपणा, दृष्टिदोष, नैराश्य, एकटेपणा, हवेचे प्रदूषण ही त्यांतील काही. आणि लहानपणी शिक्षण न मिळणे हेही त्यांतील एक कारण आहे.

वाचकहो, या शेवटच्या कारणापाशी आपण क्षणभर थांबले पाहिजे. आपल्या आज्यांना शाळेचा उंबरठा कोणी ओलांडू दिला नाही, याचा हिशेब आजवर आपण नोकरी आणि पगार यांच्या भाषेत मांडत आलो. आता विज्ञान सांगते की तो अन्याय सत्तर वर्षांनंतर मेंदूतही वसूल होतो. "शिका" हा बाबासाहेबांचा आदेश म्हातारपणाच्या आरोग्याचाही आदेश होता, असे म्हटले तर चूक होणार नाही.

याच कारणामुळे तपासणीतही गोंधळ होतो. स्मरणाच्या नेहमीच्या चाचण्यांत वाक्य वाचा, वाक्य लिहा, आकृती काढा, असे प्रश्न असतात. ज्या बाईने आयुष्यात पेन्सिल धरली नाही, तिला त्यात गुण कमी पडणारच. हे ओळखून हरियाणातील बल्लभगड भागात संशोधकांनी १९९० नंतरच्या दशकात निरक्षर लोकांसाठी वेगळी हिंदी चाचणी तयार केली. म्हणून आपल्या माणसाला दवाखान्यात नेताना ती किती शिकली आहे, पूर्वी कोणती कामे स्वतः करीत असे आणि आता कोणती जमत नाहीत, हे डॉक्टरांना आपण होऊन सांगावे.

सेवा करणाऱ्याची दशा

या आजारात रुग्ण एक असतो, पण आजारी सगळे घर पडते. त्यातही भार बहुतेक वेळा एकाच बाईवर येतो. ती सून असते, मुलगी असते किंवा म्हातारी बायको असते. दहा बाय बाराच्या खोलीत रात्री दोन वाजता सासू उठते, कडी काढू लागते. सून झोपेतून उठून तिला धरते. सकाळी तिला स्वतःच्या कामावर जायचे असते. तिची झोप, तिची नोकरी, तिचे माहेर, तिचे हळदीकुंकवाऐवजी सुरू केलेले महिला मंडळ, सगळे हळूहळू सुटते.

यापेक्षाही मोठा घाव शेजाऱ्यांच्या जिभेचा असतो. म्हातारी दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "दोन दिवस झाले, सुनेनं अन्नाचा कण दिला नाही." ती खोटे बोलत नसते, जेवल्याचे तिला खरोखरच आठवत नसते. पण ऐकणारा ते खरे मानतो. "माझे पैसे चोरले," असेही ती म्हणते, कारण पैसे कुठे ठेवले ते ती विसरलेली असते. आणि जी बाई चोवीस तास तिचे करते, तिच्याच माथी चोरीचा व उपाशी ठेवण्याचा कलंक लागतो. वर्षातून एकदा येणारा दीर मात्र तासभर बसून उपदेश करून जातो.

अर्थात प्रत्येक तक्रार आजारातूनच येते असेही समजू नये. काही घरांत वृद्धांचे खरेच हाल होतात. म्हणून ऐकीव बोलण्यावर विश्वास ठेवण्याऐवजी घरात जाऊन पाहावे, बसावे, विचारावे. जाणाऱ्याला खरे काय ते कळते, आणि एकट्या पडलेल्या घराला सोबतही मिळते.

विनयपिटकातील दोन प्रसंग

महावग्गातील पहिला प्रसंग अनेकांना माहीत आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन आपल्याच घाणीत पडला होता. इतर भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते, कारण तो त्यांच्या काही उपयोगाचा नव्हता. बुद्धांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले. दोघांनी मिळून त्याला धुतले आणि उचलून बिछान्यावर ठेवले. मग भिक्खूंना एकत्र करून बुद्धांनी समजावले की तुम्हांला येथे आई नाही, बाप नाही, तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करणार? आजाऱ्याची सेवा ही त्यांनी स्वतःच्या सेवेच्या बरोबरीची मानली.

त्याच ठिकाणी सेवा करणाऱ्याचे पाच गुण सांगितले आहेत. त्याला औषध तयार करता यावे. पथ्य काय, अपथ्य काय हे कळावे. तो लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करणारा असावा. मलमूत्र, उलटी यांची त्याला किळस नसावी. आणि वेळोवेळी धम्माच्या बोलण्याने त्याने आजाऱ्याचे मन प्रसन्न करावे. आजची कोणतीही परिचारिका ही यादी मान्य करील. कोणत्या आजाऱ्याची सेवा अवघड, हेही तेथे सांगितले आहे: जो हिताचे करीत नाही, प्रमाण ओळखत नाही, औषध घेत नाही, आपली खरी अवस्था सांगत नाही आणि वेदना सोसत नाही. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णात यांतले बहुतेक सारे एकत्र येते, आणि तेही त्याच्या इच्छेविरुद्ध. म्हणूनच ही सेवा सर्वांत कठीण आहे.

दुसरा प्रसंग फारसा सांगितला जात नाही. गग्ग नावाचा एक भिक्खू होता. त्याचे चित्त भ्रमिष्ट झाले होते. त्याला कधी उपोसथाचा दिवस आठवे, कधी आठवत नसे. कधी तो संघाच्या सभेला येई, कधी येत नसे. नियम असा की सर्वांनी हजर असल्याशिवाय उपोसथ होत नाही. मग करावयाचे काय? त्याला संघातून काढून टाकावे काय? बुद्धांनी तसे केले नाही. संघाने एकत्र बसून रीतसर ठराव करावा की गग्गाला आठवो वा न आठवो, तो येवो वा न येवो, संघ आपले कार्य करील आणि गग्ग आपलाच राहील. यास 'उम्मत्तक सम्मुती' म्हणतात. पुढे गग्ग बरा झाला, तरी काही भिक्खू भ्रमाच्या काळातील वागण्यावरून त्याला टोचून बोलत. मला काही आठवत नाही, असे तो पुनःपुन्हा सांगे. तेव्हा बुद्धांनी 'अमूळ्हविनय' घालून दिला. चित्त ठिकाणावर नसताना घडलेल्या गोष्टीचा दोष माणसावर ठेवावयाचा नाही.

या प्रसंगातून आपल्याला दोन गोष्टी मिळतात. विसरणाऱ्यावर दोष ठेवू नये, ही पहिली. दुसरी अधिक महत्त्वाची आहे. त्याला सांभाळण्याचा निर्णय बुद्धांनी एकट्या-दुकट्या भिक्खूच्या दयेवर सोडला नाही, तो सबंध संघाचा ठराव केला. आपल्या वस्तीत आज हाच ठराव हवा आहे.

इतरांनी काय केले

जपानमध्ये वृद्धांची संख्या फार मोठी आहे. तेथे या आजाराला असलेला जुना शब्द अपमानकारक होता म्हणून २००४ साली तो बदलण्यात आला. २००५ पासून सामान्य नागरिकांना सुमारे दीड तासाचा वर्ग देऊन 'स्मृतिभ्रंश सहायक' करण्याची मोहीम सुरू झाली. दुकानदार, बँकेतील नोकर, पोलीस, शाळकरी मुले अशा एक कोटीहून अधिक लोकांनी हा वर्ग केला आहे. या सहायकाने वेगळे काम करावयाचे नसते. आजार समजून घ्यावयाचा, आणि रस्त्यात गोंधळलेला म्हातारा दिसला तर शांतपणे मदत करावयाची. त्याची खूण म्हणून पूर्वी मनगटात घालावयाचे नारिंगी कडे दिले जात असे.

आपल्या देशात १९९२ साली केरळमधील कोची येथे अल्झायमर रुग्णांसाठी व त्यांच्या कुटुंबांसाठी राष्ट्रीय पातळीवरची संस्था स्थापन झाली. तिच्या शाखा अनेक शहरांत आहेत. केरळातच मलप्पुरम भागात अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांसाठी गल्लीतील स्वयंसेवकांचे जाळे उभे राहिले. तेथील कामगार, शिक्षक, विद्यार्थी आठवड्यातील काही तास देतात. यासाठी मोठी इमारत लागली नाही, माणसे लागली. आणि माणसे तर आपल्याकडेही आहेत.

आपल्या विहारात काय करता येईल?

१) नोंद: वस्तीतील अशा घरांची नोंद दोन जबाबदार व्यक्तींनी ठेवावी. ती गुप्त असावी, फलकावर लावू नये.

२) दोन तासांची सुटका: दर रविवारी दोन प्रशिक्षित स्वयंसेवकांनी रुग्णाजवळ बसावे, म्हणजे सेवा करणाऱ्या बाईला झोपता येईल, बाजार करता येईल, स्वतःच्या दवाखान्यात जाता येईल. वर्षातून एकदा शाल-श्रीफळ देण्यापेक्षा तिला याचे मोल जास्त आहे.

३) सेवाकर्त्यांची बैठक: महिन्यातून एकदा विहारात बसावे. कोणी कोणाला उपदेश करू नये. रात्रीची झोप, अंघोळीला नकार, संशय यांवर कोणी काय युक्ती केली, एवढेच सांगावे.

४) वंदना आणि भीमगीते: नातवाचे नाव विसरलेली आजी त्रिसरण-पंचशील अनेकदा न चुकता म्हणते. पाठांतर आणि गाणे हे मेंदूत खोल रुजलेले असते, ते उशिरा पुसले जाते. म्हणून या वृद्धांना वंदनेला आणावे, पुढे बसवावे, ढोलकीवर भीमगीत लावावे. त्यांच्याकडून चूक झाली तर कोणी हसू नये.

५) आठवणींची नोंद: ज्यांचा आजार अजून सुरुवातीला आहे त्यांच्या दीक्षेच्या, चळवळीच्या आठवणी विद्यार्थ्यांनी ध्वनिमुद्रित कराव्यात. जुना काळ त्यांना ताज्यापेक्षा जास्त आठवतो. त्यामुळे त्यांचा मानही राहतो आणि समाजाचा इतिहासही.

६) गल्लीची ओळख: किराणा दुकानदार, रिक्षावाले, दवाखान्याचा कंपाउंडर यांना माहिती द्यावी. रुग्णाच्या कपड्यात घरचा फोन नंबर लिहिलेली पट्टी शिवावी. माणूस हरवला तर वाट न पाहता ताबडतोब शोध घ्यावा व पोलिसांना अलीकडचा फोटो द्यावा.

७) शिबिर: १४ एप्रिलच्या आरोग्य शिबिरात रक्तदाब व साखर यांबरोबर कान, डोळे आणि स्मरण यांचीही तपासणी ठेवावी. २१ सप्टेंबर हा जागतिक अल्झायमर दिन नेमका वर्षावासात येतो. त्या दिवशी एक प्रवचन या विषयावर व्हावे.

घरात पाळावयाचे नियम थोडेच आहेत. वाद घालू नये. "आत्ताच सांगितलं ना!" असे म्हणू नये. एका वेळी एकच गोष्ट, थोड्या शब्दांत सांगावी. जेवण, अंघोळ, फिरणे यांची वेळ बदलू नये. न्हाणीघराची आतली कडी काढून टाकावी, रात्री गॅस सिलिंडरवरून बंद करावा, शौचालयाच्या वाटेवर दिवा ठेवावा. आणि सेवा करणाऱ्याने उपेक्खा शिकावी. उपेक्खा म्हणजे बेपर्वाई नव्हे. समोरचा रागाने जे बोलला ते आजाराचे बोलणे आहे, हे जाणून आपले चित्त समतोल ठेवणे, हा तिचा अर्थ.

कागदपत्रे आणि बँक

बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्याला हा आजार कधी कधी घरच्यांच्या आधी दिसतो. सही जुळेनाशी होते. काल काढलेले पैसे आज पुन्हा मागितले जातात. पेन्शनरांचे हाल सर्वांत जास्त होतात, म्हणून काही गोष्टी वेळेवर कराव्यात.

बुद्धी शाबूत असतानाच खाते जोडीदार किंवा विश्वासू अपत्यासह 'दोघांपैकी कोणीही' या पद्धतीने संयुक्त करावे व नामांकन भरावे. नामांकित व्यक्तीला पैसे मृत्यूनंतरच मिळतात, हयातीत नाही, हे विसरू नये. अनेक जण मुखत्यारपत्र करून निश्चिंत होतात. परंतु भारतीय करार कायद्यानुसार ते देणाऱ्याची बुद्धी बिघडली की मुखत्यारी संपते. त्यानंतर न्यायालयाकडून पालक नेमून घेण्याचा लांबचा मार्ग उरतो. मृत्युपत्रही शुद्धीत असतानाच करावे. जो केवळ हाताच्या कापऱ्यामुळे सही करू शकत नाही त्याचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर घेता येतो, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. पेन्शनसाठी हयातीचा दाखला दरवर्षी नोव्हेंबरात द्यावा लागतो. केंद्र सरकारच्या ऐंशी वर्षांवरील पेन्शनरांना तो १ ऑक्टोबरपासून देता येतो. २०१४ पासून तो डिजिटल पद्धतीने घरबसल्याही देता येतो, आणि हे काम विहारातील कोणताही विद्यार्थी मोबाईलवर करून देऊ शकेल.

२००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्याखाली मुलांकडून पोटगी मागता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आपल्या वतीने निर्णय घेणारी व्यक्ती आधीच नेमून ठेवण्याची सोय दिली आहे. वृद्धांसाठी १४५६७ आणि मानसिक आधारासाठी १४४१६ हे सरकारी दूरध्वनी क्रमांक मोफत आहेत. ते विहाराच्या फलकावर ठळक लिहावेत.

समारोप

एकटा माणूस असेल तर धम्माची गरज नाही, पण दोन माणसे आली की धम्म आलाच, अशा आशयाचा विचार बाबासाहेबांनी मांडला आहे. एका खोलीत विसरणारी सासू आणि जागणारी सून अशी दोन माणसे आहेत. तेथे धम्म आहे की नाही, हे केवळ त्या सुनेच्या सोशिकपणावर ठरू नये. ती खोली आपल्या विहारापासून हाकेच्या अंतरावर आहे.

विद्यार्थी मित्रांना विनंती की परीक्षा संपल्यावर आठवड्यातील दोन तास द्या. महिला मंडळाने सेवा करणाऱ्या भगिनीला दोष न देता तिच्या दारी जावे. कार्यकारिणीने येत्या सर्वसाधारण सभेत गग्ग भिक्खूची आठवण ठेवून एक साधा ठराव करावा: आपल्या वृद्धांना आपण आठवो वा न आठवो, ते आपलेच राहतील, आणि त्यांची सेवा करणारा एकटा पडणार नाही.

भवतु सब्ब मंगलं! जय भीम!